बर्फात राहिलेला तिसरा भाग

मित्रांनो, मी एक जुनी विज्ञान कादंबरी आहे. जुनी आहे हे सांगायला कुणी लागत नाही. माझा पुठ्ठा राखाडी बुरणुसाने मढवलेला आहे, कोपरे उंदरांनी कुरतडलेत, आणि पानांना चहाचा, मेंढीच्या चरबीचा आणि रॉकेलचा मिळून एक वास येतो. बरीच वर्षं माझे चार भाग होते. तीन छापलेले आणि एक, म्हणजे तिसरा, हाताने लिहिलेला. त्या तिसऱ्या भागात मला काहीच जाणवत नाही. पान उलटलेलं कळत नाही, मुडपलेलं कळत नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय मेल्यासारखा होतो ना, तसं. फरक एवढाच, की तुमच्या पायाला नंतर मुंग्या येतात. तेव्हा मी जे सांगणार आहे ते जरा सपाट वाटलं तर रागावू नका.

माझं नाव 'बर्फाखालचं घड्याळ'. सात माणसं एका गोठलेल्या ग्रहावर उतरतात आणि त्यांना बर्फाखालून घड्याळाची टिकटिक ऐकू येते, अशी माझी गोष्ट. माझा जन्म फार लांबच्या एका शहरात, परक्या भाषेतल्या मासिकाच्या छापखान्यात झाला, आणि तोही हप्त्याहप्त्याने, चार महिन्यांत चार अंकांतून. त्या काळी चांगली विज्ञान कादंबरी दुकानात मिळणं म्हणजे उंबराचं फूल दिसणं. म्हणून लोक मासिकं मागवायचे, त्यातली कादंबरीची पानं सोडवून घ्यायचे आणि घरीच शिवून पुस्तक करायचे. नारीन नदीच्या काठी, डोंगरांच्या कुशीत असलेल्या आमच्या वस्तीत अशी घरी शिवलेली पुस्तकं पंधरा-वीस तरी होती. एकमेकांना ती देताना माणसं जावयाच्या हाती मुलगी द्यावी तसा चेहरा करायची.

मला मागवणारा माणूस म्हणजे एसेनकुल. तो हवामान केंद्रावर नोंदी घ्यायचा. दर तीन तासांनी वारा, दाब, बर्फाची खोली, सगळे आकडे तक्त्यात लिहायचे आणि बिनतारी यंत्रावरून कळवायचे. कामात तो इतका काटेकोर, की बायकोने "बाहेर थंडी आहे का हो?" असं विचारलं तरी "उणे चौदा दशांश तीन" असं उत्तर यायचं. फक्त विज्ञान कादंबऱ्यांचा विषय निघाला की हाच माणूस पूर्ण बदलायचा. वाटेत कुणी भेटलं की पहिला प्रश्न, "सध्या काय वाचतोयस?" आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत, "ते सोड, मी सांगतो ते वाच."

त्याची बायको सायराकुल. ती लोकरीच्या बुरणुसाचे रंगीत तुकडे कापून त्यांच्या सतरंज्या शिवायची. सबंध खोऱ्यात तिच्या टाक्याला तोड नव्हती. पुस्तकांचं तिला वावडं नव्हतं, पण ओढही नव्हती.

"दुसऱ्या ग्रहावरच्या माणसांचं मला काय सांगता?" ती नवऱ्याला म्हणायची. "पलीकडच्या गल्लीतल्या माणसांनीच माझा जीव मेटाकुटीला आलाय."

त्यांना एकच मुलगा, उलार. तेवीस वर्षांचा. टपालाचा ट्रक चालवायचा. आठवड्यातून दोनदा घाट ओलांडून टपाल आणायचा, म्हणजे माझे अंकही तोच आणायचा. आणि आणताना वाटेत, घाटमाथ्यावरच्या चहाच्या टपरीवर थांबून, बापाच्या आधी वाचूनही काढायचा.

"अता, सांगू का पुढे काय होतं?" घरात शिरतानाच तो बापाला म्हणायचा.

"एक शब्द बोललास तर आज घरात चहा मिळणार नाही!"

"बरं, नाही सांगत. पण त्या सातांमधला एक जण ना..."

"सायराकुल! ह्या मुलाच्या तोंडात काहीतरी कोंब!"

माझा पहिला भाग आला आणि दुसरा आला. दुसऱ्याच्या शेवटी सातही माणसं बर्फातल्या भेगेच्या कडेला उभी असतात. तिसरा भाग जानेवारीत यायचा होता. तो यायच्या दिवशीच घाटात दरड आली, बर्फाची. उलारचा ट्रक तिच्याखाली गेला.

ट्रक एप्रिलमध्ये सापडला. उलारही सापडला. टपालाच्या पिशव्या सापडल्या, पण आतलं सगळं भिजून त्याचा लगदा झाला होता. माझा तिसरा भाग त्या लगद्यात होता. त्याबद्दल मला आणखी काही सांगता येत नाही, कारण तेव्हापासून मला तिथे काही जाणवतच नाही.

चौथा अंक मधल्या काळात दुसऱ्या ड्रायव्हरने आणून दिला होता. एसेनकुलने तो न उघडता फळीवर ठेवला. मुलाच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं, पाहुणे गेले आणि तो परत केंद्रावर कामाला जाऊ लागला. आकडे लिहायचा, कळवायचा. घरी दोघं समोरासमोर बसून चहा प्यायची. भांडण नाही, रडणं नाही, काही नाही. शेजारणी म्हणायच्या, "धीराची माणसं आहेत." कसला धीर? घरातल्या दोन्ही माणसांना कुणी चिमटा काढला असता तरी कळलं नसतं.

उन्हाळ्यात एका दुपारी त्याने चौथा अंक उघडला. त्यात सातांऐवजी पाचच माणसं होती. बाकीच्या दोघांबद्दल एवढंच लिहिलं होतं, 'ते दोघे आता आमच्यात नाहीत.' आणि पानोपानी एक नवीन नाव येत होतं, तोरू. 'तोरू गारठला आहे.' 'तोरूला पुढे घाला, तो वाट काढील.' आणि शेवटी, 'तोरू तिकडेच राहिला.'

आता आमच्या किर्गीझ भाषेत तोरू म्हणजे काय, हे शेंबडं पोरही सांगेल. तोरू म्हणजे तांबूस घोडा, काळ्या आयाळीचा. एसेनकुल मेंढपाळाच्या घरात वाढलेला, चालायला शिकायच्या आधी घोड्यावर बसलेला. त्याला दुसरा अर्थ सुचणं शक्यच नव्हतं. तो बराच वेळ अंक मांडीवर ठेवून बसला. मग त्याने केंद्रावरून जुन्या नोंद-तक्त्यांचा गठ्ठा आणला आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर माझा तिसरा भाग लिहायला घेतला. दोन महिने लिहीत होता. आजही माझी ती पानं उन्हात धरली तर पलीकडचे वाऱ्याचे आणि दाबाचे रकाने दिसतात.

लिहून झाल्यावर त्याने चारही गठ्ठे बायकोसमोर ठेवले.

"शिवून देशील?"

"तिसरा कुठून आणलात?"

"लिहिला."

सायराकुलने मेणाचा दोरा काढला, दाभण काढलं. "शिवते," ती म्हणाली. "पण मला वाचून दाखवू नका. आणि आत काय आहे तेही सांगू नका." तिने मला एका बैठकीत शिवलं. टाके इतके घट्ट, की आजवर एक सुटलेला नाही. पण एका ओळीवरही तिने नजर टाकली नाही.

लोकांनी विचारलंच, तिसरा अंक तर गेला होता, मग हा भाग आला कुठून? एसेनकुल म्हणाला, "पलीकडच्या खोऱ्यातल्या केंद्रावर मित्राकडे अंक होता. तिथे बसून उतरवला. घाई होती म्हणून आपल्या भाषेत उतरवला." वाऱ्याचा वेग दशांशात सांगणाऱ्या माणसावर कोण अविश्वास दाखवणार? सगळ्यांनी मान डोलावली. खरं काय ते दोघांनाच माहीत होतं, एसेनकुलला आणि सायराकुलला. आणि मला, पण मला कोण विचारतो!

मित्रांनो, इथून माझी कामाची वर्षं सुरू झाली. माझा पहिला आणि दुसरा भाग लोक भराभर वाचायचे, चौथा वाचायचा म्हणून वाचायचे, पण तिसऱ्यावर जीव टाकायचे. त्यात होतं असं, की जहाजाच्या शीतकपाटात पृथ्वीवरच्या प्राण्यांची बीजं ठेवलेली असतात आणि त्यातून एक तांबूस शिंगरू जन्माला येतं. ते बर्फावर वाढतं, भेगा हुंगून ओळखतं, आणि माणसांची यंत्रं बंद पडतात तेव्हा वाट दाखवतं. पुस्तकाचं खरं नाव लोक विसरले. "घोड्याची कादंबरी वाचलीस का?" असंच विचारायचे. माझं छापलेलं नाव मागे पडलं याचं मला थोडं वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मी उन्हाळ्यात मेंढपाळांबरोबर वरच्या कुरणांवर जायचे. तिथे जोल्दोश नावाचा एक मेंढपाळ होता. त्याने मला आठ वेळा वाचलं आणि आठही वेळा एसेनकुलशी भांडायला खाली आला. एसेनकुलला तो बायके म्हणायचा, म्हणजे दादा.

"बायके, तुमच्या त्या लेखकाला घोड्यातलं ओ की ठो कळत नाही!"

"का रे?" एसेनकुल निर्विकारपणे विचारायचा.

"घामाघूम झालेल्या घोड्याला लगेच पाणी पाजलंय त्याने! घोडा मरेल ना! आणि दुसरं, सात माणसं आणि घोडा एकच? घोडी न्यायची होती. दूध तरी निघालं असतं. एवढं शिकलेले लोक, आकाशात गेले आणि आंबवलेल्या दुधाची सोय नाही केली!"

"मासिकाला पत्र लिही."

"लिहिणारच आहे!"

पत्र त्याने कधी लिहिलं नाही, देवाची कृपा. त्याऐवजी माझ्या समासात पेन्सिलने लिहून ठेवलं, 'आधी फिरवा, थंड होऊ द्या, मग पाणी.' त्याच्याखाली दुसऱ्या कुणी लिहिलं, 'बरोबर.' त्याच्याखाली तिसऱ्याने लिहिलं, 'आणि जीन लगेच काढू नका.' असा माझा तिसरा भाग समासासकट दुप्पट झाला. पाणी पाजण्याची चूक एसेनकुलने मुद्दाम केली होती असा माझा अंदाज आहे. शहरातल्या लेखकाने लिहिलंय असं वाटायला हवं होतं ना.

पुढे त्याने मला वस्तीच्या ग्रंथालयाला देऊन टाकलं. ग्रंथपाल कानिशाय ही अशी बाई, की तिच्याकडून विज्ञान कादंबरी मिळवायची तर आधीच्या कादंबरीचा शेवट तिला सांगावा लागायचा. शेवट चुकला तर रिकाम्या हाताने परत. मला मात्र ती स्वतःहून लोकांच्या हातात द्यायची. "ही ने. तिसऱ्या भागाला आलीस की जेवायला बसू नकोस, जेवण गार होईल," असं तिने मेरिम नावाच्या एका शाळकरी मुलीला सांगितलं होतं. मेरिमने मला एका महिन्यात तीनदा नेलं. मोठेपणी ती आमच्याच शाळेत पदार्थविज्ञान शिकवायला लागली. तास सुरू करताना ती वर्गाला विचारायची, "बर्फ किती जाड असला तर घोडा पेलेल?" तिच्या मुलांना घर्षण, दाब, वस्तुमान सगळं त्या घोड्यावरून समजलं.

मग दिवस पालटले. देशाचं नाव बदललं, नोटा बदलल्या, तरुण माणसं कामाला परदेशी गेली. हवामान केंद्र बंद पडलं. ग्रंथालयात सरपण मिळेना, तशी माणसं यायची थांबली. माझ्या शेजारची दोन पुस्तकं एका हिवाळ्यात कुणीतरी चुलीत घातली. मी वाचले ते बहुधा बुरणुसाच्या वासामुळे, लोकर जळताना फार घाण येते. एसेनकुल वारला तेव्हा मी फळीवरच होते. बातमी कानिशायने मोठ्याने सांगितली, ग्रंथालयात दुसरं कुणी नसताना. मला वाटतं, ती आम्हालाच सांगत होती. मला काही झालं नाही. व्हायला हवं होतं हे कळत होतं, पण झालं नाही.

त्यानंतर सहा वर्षांनी मेरिमला राजधानीतल्या एका मेळाव्याचं बोलावणं आलं. विज्ञान कादंबऱ्या वाचणाऱ्यांचा मेळावा. प्रत्येकाने आपली सर्वांत आवडती कादंबरी उभं राहून सुचवायची, असा तिथला रिवाज. ती गेली ती नवीन कोट घालून. परत आली ती थेट ग्रंथालयात, बॅगही न ठेवता.

"एजे, ती काढा बाहेर," ती कानिशायला म्हणाली, एजे म्हणजे ताई. "घोड्याची कादंबरी काढा."

"आधी बस तरी. काय झालं?"

"काय झालं? पन्नास माणसांसमोर उभी राहून मी घोड्याबद्दल दहा मिनिटं बोलले. एक म्हातारा गृहस्थ हसायला लागला. मग सगळेच. तो म्हणाला, बाई, ती कादंबरी मला पाठ आहे, तिच्यात घोडा नाही!"

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही! मी मोठ्या ग्रंथालयात जाऊन तो अंक शोधला. ह्या त्याच्या छापील प्रती. तोरू हे यंत्र आहे, एजे! बर्फ पोखरायचं यंत्र! चार लांबलचक शब्दांची पहिली अक्षरं जोडून केलेलं नाव. तिसऱ्या भागाच्या दुसऱ्याच पानावर सांगितलंय."

कानिशायने चष्मा काढला आणि परत घातला. "आणि ते दोघं?"

"भेगेत पडून मरतात. तीन ओळींत. आपल्याकडे आहे त्यातलं एक अक्षरही त्यात नाही. एसेनकुल अतांनी कुठूनही उतरवलं नव्हतं. मनाने लिहून आमच्या गळ्यात मारलं. मी वीस वर्षं मुलांना खोटं शिकवतेय! ती पानं काढून टाका. खरी शिवून घ्या. हे तरी करा."

कानिशायने मला हातात घेतलं. पानं काढायची तर टाके उसवावे लागणार, आणि ते टाके उसवणं दुसऱ्या कुणाचं काम नव्हतं. दोघी मला घेऊन सायराकुलकडे गेल्या.

ती चौऱ्याहत्तर वर्षांची झाली होती. जमिनीवर बसून लाल बुरणुसावर पांढरी शिंगाची नक्षी जोडत होती. तिने चहा ओतला, पाव आणि लोणी पुढे केलं आणि परत शिवायला लागली. मेरिमने सगळं सांगितलं, जरा कमी रागाने, पण सांगितलं. वस्तीतल्या सगळ्यांसारखी तीही सायराकुलला अपा म्हणायची, म्हणजे आई. त्या घरात मी बत्तीस वर्षांपूर्वी शिवले गेले होते.

"मग आता काय म्हणणं आहे तुझं?" सायराकुलने विचारलं.

"अपा, खरा भाग आणलाय. तो शिवून द्या. आणि तो... अतांचा, काढून टाका. मुलांच्या हातात चुकीचं पुस्तक द्यायला माझं मन धजत नाही."

"बरं," सायराकुल म्हणाली. तिच्या आवाजात काही नव्हतं, ना होकार, ना नकार. "काढते." तिने कात्री उचलली. कात्रीचं टोक माझ्या पहिल्या टाक्याखाली शिरलं. मग ती थांबली.

"काय काढतेय ते मी वाचलेलं नाही," ती म्हणाली. "मला माहीत होतं त्यांनी लिहिलंय. पण त्या अंकाबरोबर माझा मुलगा गेला, म्हणून मी कधी बघितलं नाही. वाच बघू. आधी तुझं खरं वाच."

उलार टपाल आणताना गेला हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. पण त्या ट्रकमध्ये कुठला अंक होता, हे मेरिमच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. तिने छापील प्रत उघडली आणि हळू आवाजात, आपल्या भाषेत सांगत सांगत वाचली. भेग उघडली. दोघे पडले. वरच्यांनी एक तास वाट पाहिली आणि दोर वर ओढून घेतला.

"हं," सायराकुल म्हणाली. "असंच असतं. आता त्यांचं वाच."

मेरिमने मला उघडलं. एसेनकुलच्या भागात ते दोघे पडत नाहीत. भेगेच्या पलीकडे वाट शोधायला कुणीतरी जायला हवं असतं, तेव्हा ते दोघे तोरूवर बसून निघतात; त्यांना पलीकडे सोडून घोडा परत येतो. निघण्याआधी कप्तान त्यांना थांबवतो. जहाजात उरलेला शेवटचा पाव तो धाकट्यापुढे धरतो. धाकटा एक घास तोडून खातो, आणि उरलेला पाव कप्तान दाराजवळ खुंटीला टांगून ठेवतो.

आमच्याकडे मुलगा सैन्यात चालला किंवा दूरदेशी चालला, की असं करतात. त्याने चावलेला पाव घरात टांगून ठेवायचा. तो परत आला की तोच पाव त्याने पुरा करायचा. पाव घरात आहे म्हणजे माणूस वाटेवर आहे.

सायराकुलची सुई बुरणुसात अर्धी गेली होती. ती तशीच राहिली.

"धाकट्याला पाव दिला?" तिने विचारलं.

"हो, अपा."

"परत वाच."

मेरिमने परत वाचलं.

"मी दिला नव्हता," सायराकुल म्हणाली. "आठवड्यातून दोनदा जाणाऱ्या माणसाला कोण पाव चाखवतं? दुसऱ्या दिवशी परत येणाऱ्याला? मी त्यांना कधी बोलले नाही. ते मला कधी बोलले नाहीत. मला वाटायचं, माझ्या एकटीच्याच डोक्यात आहे ते." तिने माझ्या पानावर हात ठेवला. "आणि हे बघ. आधीच लिहून ठेवलंय. आणि मी मेली वाचलंच नाही!"

मला वाटलं आता ती रडेल. कानिशाय रडत होती, मेरिम तर हुंदके देत होती. सायराकुल रडली नाही. तिने चहाच्या वाट्या बघितल्या, "गार झाला," म्हणाली आणि सगळ्यांना नवा चहा ओतला. मग तिने कात्री खाली ठेवली.

"अपा, राहू दे," मेरिम म्हणाली. "माझं चुकलं. काही काढू नका. खरा भाग मी घेऊन जाते."

"का म्हणून? खरा जोडायचाच. मुलांना यंत्र म्हणजे यंत्र कळायला पाहिजे. मास्तरीण आहेस ना तू?" सायराकुलने दाभण काढलं. "आधी खरा. त्याच्यामागे त्यांचा."

"पण मग गोष्ट जुळत नाही, अपा. आधी दोघं मरतात आणि मग घोड्यावर बसून जातात."

"न जुळू दे. खरं आधी येतंच दारात, बोलवावं लागत नाही. त्याच्यानंतर कुणीतरी काहीतरी सांगावं लागतं. आणि मुलांना सांग, हा भाग मुलाच्या बापाने लिहिलाय. खोटा आहे म्हणून सांग. सांग आणि मग वाचायला दे."

तिने त्याच दुपारी मला नव्याने शिवलं. आता माझे पाच भाग आहेत. माझी गोष्ट जुळत नाही, आणि तरी वसंतापासून माझ्यासाठी ग्रंथालयात परत नावं लावावी लागतात. मेरिम आता वर्गात सांगते, "कादंबरीत यंत्र आहे. आपल्या वस्तीत घोडा आहे. दोन्ही वाचा." म्हातारा जोल्दोश यंत्राची पानं वाचून म्हणाला, "मला वाटलंच होतं. खऱ्या घोड्याला असं कुणी पाणी पाजतं का?"

मागच्या महिन्यात सायराकुल काठी टेकत ग्रंथालयात आली. कानिशायला वाटलं, टाका सुटला असेल. पण ती म्हणाली, "मला ही घरी न्यायची आहे. पहिल्यापासून वाचायची आहे, सबंध."

कानिशायने तिच्या नावाचं कार्ड केलं. नाव, वय, पत्ता. आमच्या कार्डावर शेवटी एक रकाना असतो, पुस्तक कुणी सुचवलं. "मेरिम लिहू ना?" कानिशायने विचारलं.

"नको. उलार लिही."

कानिशायचं पेन थांबलं.

"दर अंकाला सांगायचा, अपा, ही वाच, तुला आवडेल. मी म्हणायचे, सवड मिळाली की." सायराकुलने मला काखेत घेतलं. "लिही ना. तूच विचारलंस."

मित्रांनो, जुनी पुस्तकं जपा. त्यांतली पानं चुकीची वाटली तर फाडण्याआधी ती कुणी लिहिली आणि कुणी शिवली ते विचारा. आणि आणखी एक मागणं आहे. घरातलं कुणी हातात पुस्तक घेऊन तुमच्यापुढे आलं आणि म्हणालं, 'ही वाच,' तर त्याला नंतरचा वायदा करू नका. दुसरं काही जमलं नाही, तर निदान पहिलं पान तरी त्याच्यासमोर उघडा.